चौदा नंबरची फिल्म

दर वर्षी उपवासकाळात मी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, जातो. गुडघे टेकतो, जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना राग सांगतो, आळस सांगतो, बांधावरून भावाशी धरलेला अबोला सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाही. ती बायकोला सांगितलेली नाही. आई शेवटच्या दिवसांत होती तेव्हा तिच्या उशाशी तासन्‌तास बसून होतो, तिलाही सांगितली नाही. या नाताळ अंकाची संपादक आमच्याच आळीतली मुलगी. ‘काका, तुमच्या कामावर लिहा, तुम्ही जन्मभर काय केलंत ते गावात कोणालाच माहीत नाही,’ असं ती म्हणाली तेव्हा मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा हो म्हटलं ते ही गोष्ट लिहायची असं ठरवूनच. नाताळच्या अंकात गोड लिहायची रीत आहे. माझ्याकडे या वेळी गोड नाही.

तर सरळ सांगतो. मी एकदा खोटी फिल्म काढली. तिच्यामुळे एका चांगल्या वेल्डरचं नाव गेलं, आणि नावाहून मोठं असं आणखी काही गेलं. तो वेल्डर जिवंत आहे, विरारला राहतो, आणि माझ्याशी अजूनही आदराने बोलतो.

फिल्म म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हांला नीट कळणार नाही.

आमच्या भुईगावात मी ‘एक्स-रेवाला’. त्यामुळे निम्म्या गावाला वाटायचं की मी दवाखान्यात आहे. शेजारच्या मोनूमावशी एकदा गुडघा धरून ओट्यावर येऊन बसल्या. ‘बाबा, तुझ्या मशीनवर जरा बघ ना रे, डॉक्टर नुसते पैसे काढतो.’ मी म्हटलं, ‘मावशी, माझ्या मशीनसमोर गुडघा धरलास तर मग गुडघाही राहायचा नाही आणि मीपण.’ त्या दिवसापासून त्या माझ्या बॅगेलाही हात लावत नसत.

मी लोखंडाचे एक्स-रे काढायचो. वसई पूर्वेच्या शेडमध्ये टाक्या बनतात, पाइप जोडले जातात, व्हॉल्व्हचं ओतीवकाम होतं. वरून सगळं चकचकीत दिसतं. आत मात्र हवेचा बुडबुडा राहिलेला असतो, वेल्डिंगची मळी अडकलेली असते, कधी केसाएवढी भेग असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हातोडी मारूनही कळत नाही. म्हणून जोडाच्या एका बाजूला फिल्म चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूने किरण सोडायचे. जिथे धातू कमी तिथून किरण जास्त पार होतात आणि फिल्मवर तेवढा भाग काळा पडतो. बुडबुडा असला तर काळा ठिपका, भेग असली तर काळी रेघ. धातूच्या पोटातलं सगळं फिल्म बोलते. वाचणारा मात्र खरा पाहिजे.

किरण देणारा जो तुकडा असतो, ज्याला आम्ही सोर्स म्हणतो, तो तुरीच्या डाळीएवढा. त्याला बटण नसतं. तो कधीच बंद होत नाही. एका जड पेटीत तो झाकून ठेवलेला असतो, तिला कॅमेरा म्हणतात. लांब केबलचा दांडा फिरवून सोर्स बाहेर काढायचा, घड्याळ बघत थांबायचं, पुन्हा आत ओढायचा. तेवढ्या वेळात भोवती दोरी बांधलेली, लाल दिवा लावलेला आणि सगळे कामगार दोरीबाहेर. शेडला सुट्टी असली की आमचं काम.

फिल्म कोणत्या जोडाची ते कळावं म्हणून जोडाजवळ शिशाचे आकडे चिकटवतात. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून फिल्मवर ते पांढरे उमटतात. माझे आकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायचे. शून्यापासून नऊपर्यंत, चुरगळलेले, पुन्हा सरळ केलेले. फिल्मवर जो आकडा, तोच जोड, यावर जग विश्वास ठेवतं. आकडा ठेवणारा हात कोणी बघत नाही.

ज्यांनी मला हे काम शिकवलं ते इनासभाऊ निर्मळचे. फुलांच्या टोपल्या मागे बांधलेल्या सायकलींतून वाट काढत स्कूटरने यायचे आणि येताना खिशात सोनचाफ्याची दोन फुलं असायची. डार्करूममध्ये औषधांचा वास फार असतो, म्हणून. ते म्हणायचे, ‘फिल्म वाचायची. मालकाचं तोंड वाचायचं नाही.’

तसं वागून दाखवल्याचेही दिवस आहेत, ते सांगितले नाहीत तर मी स्वतःला फारच झोडपतोय असं वाटेल. पाचूबंदरचे एक नाखवा होडीचा जुना पंखा विकत घेणार होते. पितळेचा, घासून सोन्यासारखा केलेला. तो पोत्यात गुंडाळून रिक्षाने थेट आमच्या ऑफिसात. ‘दादा, ह्याच्या पोटात काय हाय ता बघ. भर पान्यात तुटला तं मी काय याच्या नावानं आरती म्हनू?’ आमच्या जाड भिंतींच्या खोलीत मी त्याची फिल्म काढली. एका पात्याच्या मुळाशी काळे ठिपके, पावाच्या आतल्या भोकांसारखे. फिल्म उजेडावर धरून मी त्यांना दाखवली. त्यांनी पात्यावर त्याच जागी बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘मेल्याचा बाहेरून कसा नवरदेव दिसतो!’ पंखा परत गेला. आठवड्याने आमच्या घरी सुक्या बोंबलांची गड्डी आली. तो पंखा तुटला असता की नसता, देव जाणे. पण त्या दिवशी मला माझं काम फार आवडलं.

आता सदाबद्दल.

सदानंद विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत राहायचा, आजही तिथेच राहतो. माझ्याच वयाचा, एखादं वर्ष लहान. ज्या शेडमध्ये माझं महिन्यातून दोन-तीनदा काम असायचं तिथला तो सर्वांत चांगला वेल्डर. आमची ओळख डब्यावरून झाली. जेवणाच्या सुट्टीत मी दोरी बांधून एक फिल्म घेत होतो आणि त्याचा डबा दोरीच्या आत राहिला. काम झाल्यावर त्याने डबा लांबूनच पायाने सरकवला.

‘साहेब, हा आता खाल्ला तर पोट चमकेल काय?’

सगळे हसले. मी म्हटलं, ‘ट्यूबलाइट बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का रे?’

‘नाही राहत. पण ट्यूबलाइटच्या भोवती तुम्ही दोरी नाही बांधत.’

आता हसायची पाळी माझ्यावर आली. मी त्याचा डबा उघडला, अर्धी भाकरी मोडली आणि सुकटीबरोबर खाल्ली. तो मी गिळेपर्यंत वाट बघत होता. मग म्हणाला, ‘साहेब, पाच मिनिटं थांबतो. तुम्हांला काय झालं नाही तर खातो.’ किरण जातात, मागे काही ठेवत नाहीत, हे त्याला पटलं. पुढे नव्या कामगारांना तोच हे समजावून सांगायचा.

मग ती टाकी आली. कुठल्याशा औषधाच्या कारखान्यासाठी, आत दाब सोसणारी, जाड पत्र्याची. तिचा शेवटचा जोड म्हणजे चौदा नंबर. टाकी बंद करणारा जोड असल्यामुळे तो फक्त बाहेरून वेल्ड करायचा होता, आत हात पोचत नव्हता. मी दोरी बांधत होतो तेव्हा सदा जवळ आला.

‘साहेब, चौदा नंबर जरा नीट बघा. मुळाशी बसला नाही असं वाटतंय.’

‘कशावरून?’

‘हाताला कळतं हो. आवाज वेगळा लागला. रॉड आत घुसतच नव्हता.’

‘शेठना सांगितलंस?’

‘सांगितलं ना. शेठ म्हणतात, तू वेल्डिंग कर, बाकी फिल्म सांगेल.’

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या कामात स्वतःच्या जोडावर स्वतः बोट ठेवणारा वेल्डर मला हा एकच भेटला. बाकीचे चहा पाजतात.

सोर्स टाकीच्या नळीच्या तोंडातून आत सोडून, फिल्म बाहेरून लावून, मी चौदा नंबरची फिल्म व्यवस्थित काढली. हे खरं आहे. सोर्स जुना झाला होता. तो अडीच महिन्यांत निम्मा होतो, त्यामुळे एकेका फिल्मला तास-तास लागत होता. सगळं आटोपून डार्करूममध्ये आलो. थकलो होतो, फिल्म धुण्याच्या औषधात फिल्म्स सोडताना मध्ये अंतर ठेवलं नाही आणि दोन फिल्म्स एकमेकींना चिकटल्या. या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट. जिथे चिकटल्या तिथे औषध पोचलं नाही आणि चौदा नंबरच्या मधोमध पांढरट डाग राहिला, तळहाताएवढा. दुसरी फिल्म फक्त रिकाम्या कडेला चिकटली होती, म्हणून ती निभावली. ही फिल्म वाया.

डागाच्या डावीकडे मात्र फिल्म चांगली होती. आणि तिथे जोडाच्या बरोबर मध्यावर एक बारीक काळी रेघ होती. सरळ, पट्टीने ओढावी तशी. ती डागात शिरत होती आणि पुढे दिसत नव्हती.

मुळाशी न बसलेला जोड फिल्मवर असाच दिसतो. मला ते ठाऊक होतं. मी स्वतःला म्हटलं, ओरखडा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शेडवर गेलो, पुन्हा फिल्म काढायला. बघतो तर टाकी फिरवून ठेवलेली. चौदा नंबर खाली, लाकडी ठोकळ्यांवर टेकलेला. ती फिरवायला क्रेन लागणार, क्रेन दुपारशिवाय येणार नाही, आणि अकरा वाजता ग्राहकाचा इन्स्पेक्टर पाण्याच्या टेस्टसाठी येणार. शेठना सांगावं लागलं असतं, ‘माझ्या हातून फिल्म खराब झाली, टेस्ट पुढे ढकला.’ एवढंच वाक्य. पण महिन्यापूर्वी माझी एक फिल्म खराब झाली होती, तेव्हा शेठ सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘अरे एक्स-रेवाले, तुमच्यापेक्षा स्टेशनवरचा पासपोर्ट फोटोवाला बरा!’ आणि कामगार हसले होते. ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

कारण एवढंच होतं. लोकांना वाटतं असली पापं मोठ्या लोभापोटी होतात. मी एक चेष्टा टाळली.

नऊ नंबरचा जोड छातीच्या उंचीवर, अगदी समोर होता. तोही सदाचाच, आणि सुंदर. मी डबा उघडला, एक काढला, चार काढला, आणि नऊ नंबरच्या जोडावर चिकटवले. इन्स्पेक्टर यायच्या आत चौदा नंबरची स्वच्छ फिल्म तयार झाली. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचा नियम आहे. मी धुतले.

टेस्टमध्ये टाकीत पाणी भरतात आणि कामाला लागणार त्याहून बराच जास्त दाब देतात. काटा चढत होता. मी उभा होतो आणि माझे डोळे खाली ठोकळ्यांकडे होते. पाणी आधी थेंबाने आलं. मग टाकीखालून एक बारीक धार सुटली आणि समोरच्या भिंतीवर आपटली. दाब उतरवला. कोणाला लागलं नाही. त्या ठिकाणी पाण्याऐवजी वाफ असती आणि शेडऐवजी चालता कारखाना असता, तर आज हा लेख दुसऱ्या कोणीतरी माझ्याबद्दल लिहिला असता.

इन्स्पेक्टरने फिल्म मागितली. उजेडावर धरली. ‘फिल्म तर बरोबर आहे.’

शेठनी सदाला बोलावलं. ‘फिल्मनंतर तू जोडाला हात लावलास?’

‘नाही शेठ. मी तर आधीच बोललो होतो, चौदामध्ये डाउट आहे.’

‘बघा! याला आधीपासून माहीत होतं. घासून परत मारला असणार, आणि आता वर साधूपणा.’

‘शेठ, शप्पथ. एक्स-रे साहेबांना विचारा, मी त्यांनाही बोललो होतो.’

मग शेठ माझ्याकडे वळले. सगळे माझ्याकडे बघत होते, सदाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. साहेब आहेत ना, आता साहेब बोलतील, असाच चेहरा होता.

मी म्हणालो, ‘फिल्म स्वच्छ आहे.’

हे वाक्य खरं होतं. फिल्म खरोखरच स्वच्छ होती. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यांत मोठं खोटं ते हेच.

सदा त्याच दिवशी गेला. जोड घासून काढला, दुसऱ्या वेल्डरने पुन्हा भरला, आणि घासण्यात पुरावाही गेला. क्रेन येऊन टाकी फिरली तेव्हाच हे झालं, आणि नव्या जोडाची फिल्म काढायला मी तोवर थांबलो. कोणी हसलं नाही. उलट शेठनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘तुम्ही होतात म्हणून वाचलो.’

खराब फिल्म मी फाडली नाही. का ते माहीत नाही. ती पाकिटात घालून घरी आणली, कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवली. आणखी कधी असं केलंत का, असं तुम्ही विचाराल. नाही केलं. पण माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायची सोय मीच ठेवली नाही. हजारो फिल्म्स खऱ्या काढल्या, आणि एका फिल्मने त्या सगळ्यांवर डाग पाडला.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, माणूस घाबरतो, चूक होते. स्वतःलाही मी बरीच वर्षं तसंच समजावलं. पुढचं ऐका.

काम सोडून मी वाडीत केळी बघायला लागलो होतो. ती शेडही कधीच बंद पडली होती. गेल्या वर्षी आपल्या चर्चच्या आवाराला नवं फाटक बसवलं, आठवत असेल. दुपारी मी आणि माझी बायको रोझी तिथून चाललो होतो. फाटकाशी एक माणूस काच लावून वेल्डिंग करत होता. त्याने काच वर केली.

‘साहेब! ओळखलंत का? माझा डबा खाल्लेला तुम्ही!’

केस पांढरे झाले होते, हात तेच. मी विचारलं, ‘सदा, इकडे कुठे?’

‘ग्रिल, शटर, फाटक, जे मिळेल ते. प्रेशरचं काम आता कोण देतंय? एका शेडमध्ये नाव गेलं की सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गेलं.’ हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. रोझी पुढे गेली तसा त्याने आवाज खाली आणला. ‘साहेब, एक विचारायचं होतं. खूप दिवस डोक्यात आहे. त्या चौदा नंबरच्या फिल्ममध्ये खरंच काही नव्हतं का हो?’

मी रोझी गेली त्या वाटेकडे बघितलं.

‘नोकरी गेली त्याचं सोडा. पण माझ्या हाताला कळलं होतं, जोड बसला नाही म्हणून. अगदी पक्कं कळलं होतं. आणि फिल्ममध्ये काही नाही. तेव्हापासून मला माझ्या हाताचाच भरवसा राहिला नाही. आता हे फाटक. गळायचं काही आहे का यात? तरी वेल्डिंगच्या एकेका टाक्यावर तीन-तीनदा हातोडी मारतो. बायको म्हणते, याला खूळ लागलंय.’

माझी नोकरी नव्हती. शेठ नव्हते. हसणारे कामगार नव्हते. कपाटात फिल्म होती, घर दहा मिनिटांवर होतं. आणि मी म्हणालो, ‘फिल्म स्वच्छ होती, सदा.’

त्याने मान हलवली. ‘मग माझंच चुकलं. हाताला उगाच वाटलं.’ हातमोजे काढत म्हणाला, ‘जेवायला बसतोय, या. भाकरी आहे.’

मी म्हणालो, जेवून आलोय. तेही खोटं होतं.

पुढच्या वळणावर रोझी थांबली होती. ‘कोण तो?’

‘कामावरचा.’

मागे हातोडीचे आवाज येत होते. ठक, ठक, ठक. एका टाक्यावर तीनदा.

पहिल्या वेळी मी त्याचं काम घेतलं. दुसऱ्या वेळी, कारण नसताना, त्याच्या हातातली जाण घेतली. चांगल्या वेल्डरकडे तेवढंच असतं, आणि ती कोणी फिल्मवर उमटवून देऊ शकत नाही. माझ्याकडच्या त्या एका फिल्मवर मात्र ती उमटलेली आहे.

आता हे सगळं लिहून झालं, आणि वाचून बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा अंक आपल्या गावांत वाटला जातो. मनवेलपाड्यात जात नाही. सदाच्या हाती तो पडणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं, आणि बहुधा म्हणूनच हात चालला. म्हणजे आजही मी समोरचा, छातीच्या उंचीवरचा जोडच निवडला. अवघड जोड अजून खालीच आहे.

तुम्हांला सांगितलं. सदाला अजून सांगितलेलं नाही. अल्बमखालची ती डाग पडलेली फिल्म त्याची आहे. ती त्याच्या हातात द्यायची आहे, त्याच्या बायकोसमोर उजेडावर धरून ती काळी रेघ दाखवायची आहे, आणि ‘तुझ्या हाताला बरोबर कळलं होतं’ एवढं म्हणायचं आहे. हे मी त्याचं देणं लागतो, आणि आजच्या तारखेला ते दिलेलं नाही.